कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ : विद्यार्थ्यांना पाठांतरापलीकडे कसे न्यावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. आठवीला संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही हे विषय वेगवेगळ्या पाठांतून येतात. दहावीला संविधानाची वाटचाल शिकवताना याच संस्थांकडे पुन्हा वळावे लागते. पाठ स्वतंत्र असल्यामुळे मुलांच्या मनातही त्या संस्था स्वतंत्रच राहतात. ‘कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ त्यांची अंमलबजावणी करते आणि न्यायमंडळ न्यायदान करते’ हे वाक्य वर्गातील प्रत्येकाला तोंडपाठ आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात.

अडचण सुरू होते ती पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारल्यावर. ‘आपल्या ओढ्यावरचा पूल कोणी बांधला?’ असे विचारले की एकमुखाने उत्तर येते, ‘आमदारांनी’. मुख्यमंत्री कोणत्या शाखेत मोडतात, यावर वर्गाचे सरळ दोन तट पडतात. तहसीलदारांचे नाव काढले तेव्हा एका मुलीने ठामपणे ‘न्यायमंडळ’ असे सांगितले, कारण त्यांच्या शेतरस्त्याचा दावा तहसीलदारांपुढे चालू आहे, तारखा पडतात, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहतात आणि शेवटी निकालही तेच देणार आहेत. तिचे निरीक्षण खरे आहे. त्यामुळे ‘चूक’ असा शेरा मारून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही आणि समाधानकारक उत्तर देण्याइतका वेळ त्या तासाला उरलेला नव्हता.

मला दोन गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. तिन्ही शाखा एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत आणि एकमेकींना कुठे अडवू शकतात, हे मोजक्या तासिकांमध्ये मुलांना जाणवेल असे कोणते उदाहरण घ्यावे? आणि ते उदाहरण मुलांच्या परिचयाचे असूनही पक्षीय वादात ओढले जाणार नाही, हे कसे साधावे? महाराष्ट्रातील २०१९ नंतरच्या राजकीय घडामोडींत तिन्ही शाखांचे संबंध लख्ख दिसतात, हे मी जाणते. परंतु आमच्या गावात एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या गटांच्या कार्यकर्त्यांची मुले बसतात, आणि वर्गातले वाक्य संध्याकाळी पारावर कोणत्या रूपात पोहोचेल याचा विचार शिक्षकाला करावाच लागतो.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

मॅडम, तुमच्या जिल्ह्यासाठी बैलगाडा शर्यतीइतके चपखल उदाहरण मला दुसरे दिसत नाही. हा विषय प्रत्येक मुलाच्या घरात बोलला गेला आहे, एकही राजकीय पक्ष शर्यतीच्या उघड विरोधात नसल्यामुळे पक्षीय ताण येत नाही आणि या एका प्रकरणात केंद्र सरकार, राज्याचे विधिमंडळ, राष्ट्रपती, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि जिल्हाधिकारी असे सारे एकामागोमाग येऊन जातात. मी हे प्रकरण दहावीच्या वर्गात अनेकदा घेतले आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात संसदेपासून करावी. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. कोणत्या प्राण्यांचे खेळ करण्यास वा त्यासाठी त्यांना शिकवण्यास मनाई असावी, हे अधिसूचना काढून ठरवण्याचा अधिकार याच कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. केंद्र सरकारने २०११ मध्ये तो अधिकार वापरून त्या यादीत बैलाचा समावेश केला. येथे वर्गाला थांबवून विचारावे, की ही बंदी कोणी घातली, संसदेने की मंत्रालयाने? बहुतेक मुले ‘संसदेने’ म्हणतात. कायदा संसदेचा, पण त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात प्रत्यक्ष निर्णय घेणारे कार्यकारी मंडळ, हा फरक त्यांना पहिल्यांदा येथे कळतो. शाळेच्या सूचनाफलकावर लागणारे शासन निर्णय आणि अधिसूचना कुठून येतात, हेही त्याच ओघात सांगता येते.

पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू (बैलाला काबूत आणण्याचा खेळ) आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणणारा निकाल दिला. न्यायालयाने हा निकाल मुख्यतः १९६० च्या कायद्याचा अर्थ लावून दिला होता, हे मुलांना आवर्जून सांगावे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना वाट करून देण्याचा प्रयत्न केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला लगेच स्थगिती दिली. कार्यकारी मंडळाचा मार्ग येथे खुंटला.

मग महाराष्ट्राचे विधिमंडळ पुढे आले. २०१७ मध्ये दोन्ही सभागृहांनी केंद्रीय कायद्यात महाराष्ट्रापुरती सुधारणा करणारे विधेयक संमत केले. राज्य विधिमंडळ केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती कशी करू शकते, असा प्रश्न चुणचुणीत मुले विचारतातच. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत आहे आणि समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास तो त्या राज्यापुरता लागू होतो, असे अनुच्छेद २५४ सांगतो. ती संमती मिळाली. आठवीत पाठ केलेली केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची येथे एकदम जिवंत होते.

कायदा झाला, तरी शर्यती सुरू झाल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुधारित कायद्यातील अटी पाळून शर्यती घेण्यास तात्पुरती मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

वर्गात मी हे असे घेत असे. फळ्यावर तारखा लिहायच्या आणि नावे लिहायची नाहीत. वर्गाचे तीन गट करायचे. प्रत्येक टप्प्यावर मी फक्त घटना सांगत असे, आणि ‘आता पुढचे पाऊल कोण टाकू शकते आणि कोणत्या अधिकारात?’ हा प्रश्न तिन्ही गटांना विचारत असे. २०१४ च्या निकालानंतर कायदेमंडळाच्या गटातील मुले हमखास म्हणत, ‘आम्ही ठराव करून निकाल रद्द करतो.’ न्यायमंडळाचा गट त्यावर हरकत घेई आणि खरा धडा त्या वादात शिकवला जाई. शेवटी एखाद्या गावातील प्रत्यक्ष शर्यतीकडे यायचे. आयोजकांचा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी, मैदानावरचा पोलीस बंदोबस्त. विधिमंडळातील शब्द मैदानापर्यंत कोणामार्फत पोहोचतो, हे त्यातून दिसते. शर्यतीच्या घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, प्रत्यक्ष उभे राहिलेली मुले या भागात शिक्षकापेक्षा जास्त तपशील देतात. त्यांना बोलू द्यावे.

एक पथ्य मात्र पाळावे. शर्यत चांगली की वाईट, यावर वर्गात मतदान घेऊ नये. मुलांचा कल एकाच बाजूला असतो आणि प्राण्यांच्या बाजूने बोलणारा एखादा विद्यार्थी एकटा पडतो. चर्चा ‘कोणाचा अधिकार’ या प्रश्नावरच ठेवावी.

उत्तर २ : वकील, जिल्हा न्यायालय

मुख्याध्यापक सरांनी दिलेले उदाहरण उत्तम आहे. त्यातील एका मुद्द्याला कायद्याच्या अंगाने थोडी जोड देतो आणि मग मॅडमच्या विद्यार्थिनीच्या तहसीलदारांकडे येतो, कारण तिचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कायदेमंडळाच्या गटाने ‘ठराव करून निकाल रद्द करतो’ असे म्हटले, तर त्यांना नेमके उत्तर मिळाले पाहिजे. न्यायालयाचा निकाल चुकीचा आहे असे जाहीर करून तो मोडीत काढणे विधिमंडळाच्या अधिकारात नाही. मात्र निकाल ज्या कायदेशीर पायावर उभा आहे, तो पाया कायद्यात बदल करून हलवण्याचा अधिकार त्याला आहे. २०१४ चा निकाल १९६० च्या कायद्याच्या तत्कालीन शब्दांवर आधारलेला होता. राज्यांनी ते शब्द बदलले, छळ टाळण्यासाठी नियम आणि अटी घातल्या आणि आधीच्या निकालात दाखवलेल्या उणिवा या बदलांमुळे दूर झाल्या, असे २०२३ मध्ये घटनापीठाने मान्य केले. शर्यत हा सांस्कृतिक परंपरेचा भाग आहे की नाही, हा निर्णयही घटनापीठाने विधिमंडळाच्या विचारावर सोडला. न्यायालयाने स्वतःहून एक पाऊल मागे घेतल्याचे हे उदाहरण असल्यामुळे ते मुलांना अवश्य दाखवावे.

आता तहसीलदार. ते कार्यकारी मंडळाचेच अधिकारी आहेत. महसूल विभागात त्यांची नेमणूक शासन करते, बदली शासन करते आणि मंत्रिमंडळाने घेतलेले निर्णय ते तालुक्यात राबवतात. परंतु शेतात जाण्याचा रस्ता कोणी अडवला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बंद केला, तर त्याचा दावा ऐकण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ने त्यांना दिलेला आहे. तो दावा ऐकताना त्यांना दोन्ही बाजूंना नोटीस द्यावी लागते, पुरावा घ्यावा लागतो, गरज पडल्यास जागेची पाहणी करावी लागते आणि कारणे देऊन आदेश काढावा लागतो. अशा कामाला अर्धन्यायिक काम म्हणतात. म्हणजे अधिकारी कार्यकारी शाखेचा, पण त्या खुर्चीवर त्या वेळी चालणारे काम न्यायदानासारखे. मुलीला सांगता येईल, की तुझे निरीक्षण बरोबर आहे आणि पुस्तकातील वाक्य त्याच्यासाठी अपुरे पडते. हा आदेश मान्य नसलेल्या पक्षाला पुढे दिवाणी न्यायालयाचे वा उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते, हे सांगितले की शाखांमधील सीमारेषाही तिला दिसेल.

तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारीही असतात. गावात तणाव निर्माण झाला, तर जमावबंदीचा आदेश काढण्याचा अधिकार या दंडाधिकाऱ्यांकडे असतो. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आहे. त्याच तालुक्याच्या गावी, बहुधा हाकेच्या अंतरावर, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय असते. त्यांच्यावर मात्र शासनाचे नव्हे, उच्च न्यायालयाचे नियंत्रण चालते. ब्रिटिश अमदानीत दोन्ही अधिकार बऱ्याच ठिकाणी एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. आरोपीला पकडण्याचे आदेश देणारा आणि त्याला दोषी ठरवणारा एकच असल्यावर काय घडते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करावी, असे अनुच्छेद ५० मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिले गेले. तत्कालीन मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही विभागणी देशभरासाठी पक्की केली. तालुक्याच्या गावातील या दोन इमारती बाहेरून जरी दाखवल्या, तरी मुलांना सत्ताविभाजन डोळ्यांनी पाहता येईल. असे स्थळदर्शन शाळेला फार जड जात नाही.

पक्षीय वादापासून दूर असलेले आणि तिन्ही शाखांना समोरासमोर आणणारे आणखी एक जुने प्रकरण सुचवतो. १९६४ मध्ये उत्तर प्रदेशात केशव सिंह नावाच्या गोरखपूरच्या रहिवाशाने एका आमदारावर टीका करणारे पत्रक काढले. विधानसभेने हा विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या आणि सदस्यांच्या खास अधिकारांचा भंग मानला, त्याला समज दिली आणि त्यानंतरच्या त्याच्या वर्तनाबद्दल त्याला सात दिवसांच्या कैदेची शिक्षा सुनावली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठातील दोन न्यायमूर्तींनी त्याला जामिनावर सोडले. त्यावर विधानसभेने ठराव केला, की त्या दोन न्यायमूर्तींना आणि केशव सिंहच्या वकिलांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे! मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. कोंडी फुटेना, तेव्हा राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी बहुमताने असा अभिप्राय दिला, की न्यायमूर्तींना असे बोलावण्याचा अधिकार विधानसभेला नाही आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला की न्यायालय तो तपासू शकते. हे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे, हे मॅडमच्या वर्गाला ऐकायला आवडेल.

हे प्रकरण येथेच संपवू नये. नंतर उच्च न्यायालयाने केशव सिंहची मूळ याचिका गुणवत्तेवर ऐकली आणि ती फेटाळली. म्हणजे न्यायालयाला तपासण्याचा अधिकार होता, पण तपासल्यावर शिक्षा बेकायदा नव्हती, असाच निष्कर्ष निघाला. अधिकार असणे आणि त्या अधिकारात समोरच्याच्या बाजूने निर्णय देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीच्या मुलांना हा फरक नीट कळतो, असा माझा शाळांमधील विधी साक्षरता शिबिरांचा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. तहसील कार्यालय आणि दिवाणी-फौजदारी न्यायालय आमच्या तालुक्याच्या गावी एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे स्थळदर्शन सहज जमेल.

दोन्ही उदाहरणे वाचताना मनात एक शंका आली. दोन्हींमध्ये शेवटचा शब्द न्यायालयाचा आहे. मुलांचा असा समज होईल का, की न्यायालय सर्वांत वर आणि बाकीच्या दोन शाखा त्याच्या हाताखाली? आणि पुलाबद्दलचे ‘आमदारांनी बांधला’ हे उत्तर कसे उलगडावे? आमदारांच्या नावाचा फलक त्या पुलावर खरोखरच लावलेला आहे.

उत्तर ३ : माध्यमिक शिक्षिका, नागपूर

आपली शंका रास्त आहे. न्यायालयीन निकाल बातम्यांत मोठे दिसतात. विधिमंडळाचे रोजचे नियंत्रण मात्र बातमीत फारसे येत नाही, म्हणून ते वर्गात मुद्दाम आणावे लागते. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरत असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना प्रेक्षक कक्षातून कामकाज पाहण्याची संधी मिळते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांना प्रक्षेपण दाखवता येते. तेथे मी मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधते : प्रश्न कोण विचारते आणि उत्तर द्यायला कोण उभे राहते?

पुलाचे उदाहरण येथे जोडता येईल. आमदाराच्या हाती सार्वजनिक बांधकाम विभाग नसतो. स्थानिक विकास निधीतूनसुद्धा आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि बांधकाम शासकीय यंत्रणा करून घेते. मोठ्या पुलाचा पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि अर्थसंकल्पातील मागण्यांना विधानसभेची मंजुरी लागते. म्हणजे फलकावरील आमदारांची दोन कामे खरी असतात. त्यांनी पुलाची मागणी लावून धरली असेल, आणि पैसे खर्च करण्याची परवानगी ज्या सभागृहाने दिली त्या सभागृहात त्यांचे एक मत होते. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम पूल रखडला तर सुरू होते. तेव्हा ते तारांकित प्रश्न विचारू शकतात किंवा लक्षवेधी सूचना मांडू शकतात आणि मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातील एका रखडलेल्या कामावर तारांकित प्रश्न लिहायला लावावा. प्रश्नात माहिती विचारायची, आरोप करायचा नाही, काम कोणते आणि कोणत्या विभागाकडे आहे हे स्पष्ट लिहायचे, एवढी शिस्त ठेवली तरी वहीचे एक पान पुरते. तो प्रश्न कोणत्या मंत्र्याला उद्देशून लिहायचा हे शोधता शोधताच मुले विभागांची रचना शिकतात. माझ्या वर्गातील मुलांनी शाळेजवळच्या नाल्यावरच्या कठड्याबद्दल प्रश्न लिहिला होता. तो कठडा महानगरपालिकेकडे की राज्याच्या बांधकाम विभागाकडे, हे ठरवण्यातच निम्मी तासिका गेली आणि ती सत्कारणी लागली.

मुख्यमंत्र्यांबाबत वर्गात जे दोन तट पडले, ते दोन्ही बरोबर आहेत. संसदीय पद्धतीत मंत्री कायदेमंडळातूनच येतात आणि मंत्रिमंडळ अनुच्छेद १६४ प्रमाणे विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. आमदार नसलेली व्यक्ती मंत्री झाली, तर तिला सहा महिन्यांत दोनपैकी एका सभागृहाचे सदस्य व्हावे लागते. मात्र सगळेच आमदार मंत्री झाले, तर प्रश्न विचारायला उरणार कोण? म्हणून २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांचे १५ टक्के काढायला मुलांना सांगावे. उत्तर ४३.२ येते, म्हणून मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३.

सातारा जिल्ह्यासाठी आणखी एक उदाहरण, ज्यात शेवटचा शब्द विधिमंडळाचा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी विधेयक तोवर अनेक वर्षे रखडलेले होते. हत्येनंतर काही दिवसांतच राज्य मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपालांनी अध्यादेश काढला. अधिवेशन चालू नसताना तातडीच्या गरजेपोटी कार्यकारी मंडळ कायद्याइतकाच बळकट आदेश काढू शकते, अशी तरतूद अनुच्छेद २१३ मध्ये आहे. परंतु विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर अध्यादेश संपतो. डिसेंबर २०१३ च्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी तो कायदा संमत केला. कार्यकारी मंडळाला घाई करता येते, पण ती मंजूर करून घ्यायला सभागृहाकडेच जावे लागते, हे मुलांना यातून स्पष्ट दिसते. डॉ. दाभोलकर साताऱ्याचे होते, त्यामुळे हा विषय घेताना वर्गात गांभीर्य आपोआप येईल.

न्यायालय सभागृहाच्या कामकाजात कुठवर येऊ शकते, यासाठी अनुच्छेद २११ आणि २१२ एकत्र वाचून दाखवावेत. न्यायाधीशांनी कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात करता येत नाही, आणि केवळ कार्यपद्धतीतील अनियमितता दाखवून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. दोन्ही शाखांनी एकमेकींच्या उंबरठ्याबाहेर थांबावे, अशी ही जोडव्यवस्था आहे. उंबरठा कधी ओलांडता येतो, ते महाराष्ट्रातच दिसले. जुलै २०२१ मध्ये विधानसभेने १२ सदस्यांना एका वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. सदस्याला शिस्त लावण्याचा सभागृहाचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. मात्र मतदारसंघाला इतका दीर्घकाळ प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, असे सांगितले. हे उदाहरण मी पक्षाचे नाव न घेता, फक्त ‘१२ सदस्य’ म्हणून घेते आणि आजवर कोणत्याही पालकाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

उत्तर ४ : शिक्षक, गोवा

वरील चर्चेत गोव्याच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्या विधानसभेत ४० सदस्य आहेत आणि विधान परिषद नाही. १५ टक्क्यांचा हिशेब केला तर सहा मंत्री होतात. पण त्याच घटनादुरुस्तीत राज्यातील मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यांसह १२ पेक्षा कमी नसावी अशीही तरतूद असल्यामुळे गोव्यात १२ मंत्री असू शकतात. महाराष्ट्रात मंत्री नसलेले निदान २४५ आमदार सभागृहात उरतात. गोव्यात १२ मंत्री केले तर २८ उरतात आणि त्यांतही सत्ताधारी पक्षाचे काही असतात. विधिमंडळाचे मंत्रिमंडळावरील नियंत्रण कोणत्या सभागृहात सोपे जाईल, असे विचारल्यावर मुले जी चर्चा करतात, ती पाठ्यपुस्तकातील कोणत्याही स्वाध्यायापेक्षा खोल जाते. दोन्ही राज्यांची तुलना महाराष्ट्रातील शिक्षकांनीही करून पाहावी.

बैलगाड्यांच्या जोडीला आमच्याकडचा विषय म्हणजे धीरयो, अर्थात बैलांच्या झुंजी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये त्यांवर बंदी आणली. त्यांना कायदेशीर मान्यता द्यावी, अशी मागणी आमच्या विधानसभेत अनेकदा झाली आहे, परंतु महाराष्ट्रासारखा कायदा झालेला नाही. एकाच प्रकारच्या प्रश्नावर एका राज्याच्या विधिमंडळाने पाऊल उचलले आणि दुसऱ्याच्या विधिमंडळाने उचलले नाही. न्यायालयाच्या निकालानंतर काय करायचे, हे लोकप्रतिनिधींच्या हाती राहते, हे मॅडमच्या ‘न्यायालय सर्वांत वर का?’ या शंकेचे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर केशवानंद भारती खटल्यात आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी दिलेल्या निकालाने संसदेचा घटनादुरुस्तीचा व्यापक अधिकार मान्य केला आणि संविधानाची मूलभूत चौकट मात्र तिच्या आवाक्याबाहेर ठेवली. वर्गात प्रत्येक वेळी ‘सर्वांत वर कोण?’ असा प्रश्न निघाला, की मी फळ्यावर तीन शाखांच्या वर काहीच लिहीत नाही आणि ‘या तिघांना अधिकार कोणी दिला?’ असा उलट प्रश्न टाकतो. संविधानाचे नाव मुलांकडूनच यावे.

उत्तर ५ : निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

परीक्षेचा मुद्दा राहून गेला होता, त्याबद्दल लिहितो. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत व्याख्येला गुण असतात, ते सोडून चालणार नाही. म्हणून व्याख्या शेवटी द्यावी. शर्यतीचे प्रकरण आणि तहसील कार्यालयाची भेट झाल्यावर मुलांनाच तिन्ही शाखांच्या कामाचे वर्णन दोन-दोन वाक्यांत लिहायला सांगावे आणि मग ते पुस्तकाशी ताडून पाहावे. जिथे पुस्तकापेक्षा वेगळे लिहिले असेल, तिथे ‘का?’ विचारावे.

घटक चाचणीसाठी मी वापरत असलेला प्रश्न असा होता : ‘राज्य सरकारने एक अधिसूचना काढली. तुमच्या गावातील लोकांना ती अन्यायकारक वाटते. लोक कोणकोणत्या मार्गांनी दाद मागू शकतात आणि प्रत्येक मार्गावर निर्णय कोण घेईल?’ चांगल्या उत्तरात आमदारांमार्फत सभागृहात प्रश्न, संबंधित खात्याकडे निवेदन आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका हे तिन्ही मार्ग यायला हवेत. याचिकेसाठी मॅडमच्या जिल्ह्यातील लोकांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरला जावे लागते, कारण तेथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले आहेत. नकाशावर सातारा ते मुंबई आणि सातारा ते कोल्हापूर ही अंतरे मुलांना मोजायला द्यावीत. त्यानंतर हा प्रश्न सोडवायला दिला, तर न्यायालयाचा मार्ग लिहिताना ती खर्चाचा आणि वेळेचाही विचार करू लागतात. त्याला वेगळे गुण ठेवावेत.